पासपोर्टवरचा पत्ता

बेसन अकरा किलो, सावजी मसाल्याच्या सात पुड्या,
तुरीची डाळ. लाखोळी नाही.
टूरवाले साहेब म्हणाले, तिकडं लाखोळी कोण खातं?
एवढं घेऊन मी आल्प्स पाहून आलो.

पाहून म्हणजे
बसच्या शेवटच्या सीटवरून, दोन कुकरांच्या मधून.

आता पुनर्वसनाच्या टिनाखाली बसलेत सगळे,
यादोराव कारेमोरे, ढेकल मेश्राम, त्याची सून,
आणि चॉकलेटच्या चांदीला वास घेणारी पोरं.
"बर्फ कसा रायते गा?"
फ्रिजातल्यावानीच, म्हणालो. पण त्याले घरमालक नसते.

घाट सांगतो.
एकोणतीस वळणं, प्रत्येकावर आकडा रंगवलेला.
अठराव्या वळणावर पाठराबे बाईंनी सकाळचा पराठा परत केला.
वर खिंडीत जुनी दगडी वाट,
खेचरांच्या खुरांनी मधोमध झिजलेली.
गाईड पोरगी सांगत होती, इथून मीठ गेलं,
शिपाई गेले, साधू गेले,
धुक्यात चुकलेल्यांसाठी रात्रभर घंटा वाजायची.
मी वाकून दगडाला हात लावला.
आज्याची दरेकशाची खिंड आठवली:
लमाणांचे बैल, पाठीवर मिठाच्या गोण्या,
शेवटचा बैल दिसेनासा झाला
तरी कितीतरी वेळ ऐकू येणारी घुंगरमाळ.
त्यानंतर दोन दिवस डब्यातलं मीठ जपून वापरलं.
लोक म्हणाले, महाराज, भाजी अळणी.

पलीकडे उतरलो तर तळं.
काठाला गावं, खिडक्यांत लाल फुलं,
जळतणाची लाकडं अशी रचलेली की चुलीत घालायला जीव होऊ नये.
ढेकलनं एवढंच विचारलं, "मासे?"
होते ना. एक म्हातारा जाळं शिवत होता,
दोरा दातात धरून, तुझ्यासारखाच.
"गाठ कोनती मारे?"
आपलीच.
ढेकल बराच वेळ स्वतःच्या बोटांकडं पाहत राहिला.

तिसऱ्या दिवशीचं तळं मी सांगणार नव्हतो.

त्याच्या पाण्यातून एक मनोरा वर आलेला.
नुसता मनोरा. दार नाही, गल्ली नाही.
धरणात गाव गेलं, गाईड म्हणाली,
चर्चचा तेवढा राहिला.
छत्तीस माणसांनी तळ्याकडे पाठ केली
आणि हसली.
फोन माझ्या हातात. महाराज, सगळे येऊ द्या.
सगळे आले. मनोराही मधोमध आला.
फोटो चांगला निघाला, खोटं कशाला बोलू.

मग बस सुटायच्या आधी तिथल्या पाटीसमोर उभा राहिलो.
अक्षरं कळली नाहीत, आकडा कळला:
एकशे बेचाळीस.
घरंच असणार. अशा वेळी दुसरं काय मोजतात?
आपली दोनशे अकरा.
यादोराव म्हणाला, बारा. माह्या भावाचं धरलं नाही त्यायनं.

पारबता दारात उभी होती इतका वेळ.
"त्यायचे लोक कुठी गेले मंग?"
वरच्या अंगाला. नवी घरं. खिडकीत फुलं.
"हिरीले पानी हाय का?"
हे विचारायचं राहून गेलं.

परतताना विमानतळावर काचेमागच्या पोरानं पासपोर्ट उघडला.
मुक्काम जुना मोहटोला, वॉर्ड दोन, मारुतीच्या पाराजवळ.
त्यानं वाचलं की नुसतंच पाहिलं, माहीत नाही.
शिक्का बसला.
एजंट म्हणतो, पुढच्या जूनआधी पत्ता बदलून घ्या, घोटाळा नको.
हो म्हणालो आहे.
मे महिन्यात पाणी उतरलं की पार दिसतो हातभर,
त्यावर पाणकावळे बसतात पंख पसरून,
आणि ढेकलचा डोंगा तिथून जाताना
अजूनही उजवीकडे वळतो,
शाळेचा कोपरा चुकवून.